दहा डिसेंबरचे दोन कायदे

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले सुमारे ५१ हजार शिक्षक संपावर गेले आणि आमची नववीतली मुलगी तीन आठवड्यांहून अधिक काळ घरी राहिली. तिला काहीतरी काम असावे म्हणून आम्ही दोघींनी तळघरातली कपाटे आवरायला काढली, आणि त्यात मला शाळेच्या पालक परिषदेची एक जुनी फाईल सापडली. थोरला मुलगा दुसरीत असताना मी त्या परिषदेची चिटणीस होते. इतिवृत्त लिहायला कोणी तयार होत नाही आणि नव्याने आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही, या दोन कारणांमुळे ते पद माझ्याकडे चालत आले होते. फाईलमध्ये नोव्हेंबर २०१२ च्या सभेचे इतिवृत्त होते आणि त्यात, माझ्याच इंग्रजीत, असे लिहिले होते की नवा शिक्षण कायदा लवकरच लागू होईल आणि त्यानंतर परिषदेच्या नियमांत बदल करावे लागतील. तो कायदा लागू झाला १ सप्टेंबर २०१९ रोजी. तोपर्यंत दुसरीतला मुलगा नववीत गेला होता आणि मला चिटणीसपदातून मुक्त होऊनही बराच काळ लोटला होता.

कायदा मंजूर व्हायला उशीर झाला असता तर मला नवल वाटले नसते. विधिमंडळाने तो वेळेत मंजूर केला होता आणि १० डिसेंबर २०१२ रोजी लेफ्टनंट गव्हर्नरांची संमतीही मिळाली होती. त्याच दिवशी आणखी एका कायद्याला संमती मिळाली, तो म्हणजे तेल, वायू आणि कोळसा यांच्या परवान्यांसाठी एकच नियामक नेमणारा ‘जबाबदार ऊर्जा विकास कायदा’. हा दुसरा कायदा १७ जून २०१३ रोजी अंमलात आला. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली म्हण त्याने जवळजवळ तंतोतंत पाळली. सहा महिन्यांवर फक्त सात दिवस गेले. एका सरकारचे, एका अधिवेशनातले, एकाच दिवशी संमत झालेले हे दोन कायदे असे वेगवेगळ्या चालीने का गेले, हा प्रश्न फाईल हातात धरून मी बराच वेळ घोळवत होते, आणि त्याचे उत्तर शोधताना मला माझ्या वडिलांची एक भेटही आठवली. हे सगळे एकत्र लिहून ठेवावेसे वाटले.

त्या वर्षीची राजकीय स्थिती थोडक्यात सांगते. २३ एप्रिल २०१२ च्या निवडणुकीत ॲलिसन रेडफर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ८७ पैकी ६१ जागा जिंकल्या होत्या. हा पक्ष १९७१ पासून सलग सत्तेवर होता, आणि रेडफर्ड या प्रांताच्या पहिल्या महिला प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. समोर डॅनिएल स्मिथ यांच्या वाइल्डरोझ पक्षाचे १७ आमदार होते. प्रचारात पन्नास नव्या शाळा बांधण्याचे, सत्तर जुन्या शाळांचे नूतनीकरण करण्याचे आणि बालवाडी पूर्ण दिवसाची करण्याचे आश्वासन दिले गेले होते. शरद ऋतूतले अधिवेशन सुरू झाले तेव्हा सरकारच्या बोलण्यात तीन गोष्टी एका सुरात येत होत्या: तेलाचे उत्पादन वाढवून नव्या बाजारपेठा मिळवायच्या, त्यासाठी परवान्यांची गुंतागुंत कमी करायची, आणि येणाऱ्या पैशातून शाळा व विद्यापीठे भक्कम करायची. कागदावर ही साखळी निर्दोष दिसते. पहिली कडी मात्र बॅरलच्या भावाची आहे आणि तो भाव एडमंटनच्या विधानभवनात ठरत नाही.

भारतात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. कॅनडात जमिनीखालची संपत्ती आणि शिक्षण हे दोन्ही विषय प्रांतांचे आहेत. केंद्रात शिक्षण मंत्रालयच नाही. अल्बर्टा १९०५ मध्ये प्रांत झाला तेव्हा खनिजांचा हक्क ओटावातल्या केंद्र सरकारने स्वतःकडेच ठेवला होता, आणि पंचवीस वर्षे भांडून १९३० मध्ये प्रांताने तो मिळवला. तेलाचे मोठे साठे सापडण्याआधी हक्क हाती आला, हे अल्बर्टाचे नशीब. आपल्याकडे १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ने बॉम्बे हायमध्ये तेल काढले, पण समुद्राखालची संपत्ती राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार केंद्राची असल्यामुळे मुंबईच्या दारातल्या त्या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. शिक्षण हा विषयही १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. योगायोग असा की त्याच १९७६ साली अल्बर्टाने तेलाच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा बाजूला टाकण्यासाठी हेरिटेज फंड स्थापन केला. एका देशातली राज्ये हक्क गमावत असताना दुसऱ्या देशातला एक प्रांत आपल्या नातवंडांसाठी गल्ला उघडत होता.

हा फंड सुरू करणारे माजी प्रीमियर पीटर लॉहीड सप्टेंबर २०१२ मध्ये वारले. त्याच आठवड्यात माझे वडील सिन्नरहून आमच्याकडे आले होते. वीज मंडळातली नोकरी संपवून ते गावी थोडी शेती पाहत, त्यामुळे इथला डोंगर-तलावांचा ठरलेला फेरफटका झाल्यावर त्यांनी शेत बघण्याचा आग्रह धरला. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांची रेड डीअरच्या पश्चिमेला कनोला या तेलबियांची शेती आहे, तिथे आम्ही गेलो. वाटेत सरकारी इमारतींवरचे ध्वज अर्ध्यावर उतरवलेले पाहून बाबांनी कोण गेले ते विचारले, आणि मी लॉहीडांबद्दल सांगितले. शेतावर कनोलाची कापणी होऊन ओळी वाळत पडल्या होत्या, आणि बरोबर मध्ये, खडी टाकलेल्या चौकोनात, विहिरीतून तेल उपसणारा एक पंपजॅक मान खालीवर करत उभा होता. त्याच्या कुंपणावर कंपनीचे नाव, आणीबाणीचा फोन क्रमांक आणि विषारी वायूचा इशारा देणारी पाटी होती. हा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो आणि जास्त असला तर वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजणारा माणूस फसतो. बाबा पाटीकडे पाहत होते, मग शेडमध्ये ट्रॅक्टरखाली शिरलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहून मला हळूच म्हणाले, “अगं, यांच्या शेतात तेल निघतंय ना? मग हे अजून ट्रॅक्टर कशाला दुरुस्त करत बसलेत?”

मी त्यांना सांगितले की सातबाऱ्यावर नाव यांचे आहे, पण सातबारा फक्त वरच्या मातीचा. अल्बर्टातल्या खनिजांपैकी सुमारे ८१ टक्के हक्क प्रांत सरकारचे आहेत. सरकार ते कंपनीला भाडेपट्ट्याने देते, रॉयल्टी सरकारला मिळते, आणि शेतकऱ्याला मिळते ते विहिरीने अडवलेल्या जागेचे व झालेल्या गैरसोयीचे वार्षिक भाडे. कंपनीच्या वतीने बोलणी करायला ‘लँडमन’ येतो, तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसतो, कॉफी घेतो, कागद पुढे सरकवतो. हे मी सांगत असताना ते गृहस्थ हात पुसत आले आणि मैत्रिणीने त्यांना आमच्या बोलण्याचा विषय सांगितला. ते हसून म्हणाले, “मी नाही म्हणू शकतो की! पण माझ्या ‘नाही’चा उपयोग फक्त भाव ठरवायला होतो.” मालकाने सही दिली नाही तर ‘सरफेस राइट्स बोर्ड’ हे सरकारी मंडळ कंपनीला जमिनीत शिरण्याचा आदेश देऊ शकत असे. बाबांनी यावर फक्त मान डोलावली. आपल्याकडे विजेचे मनोरे शेतातून नेताना त्यांनी हेच संभाषण टेबलाच्या दुसऱ्या बाजूने कित्येकदा केले होते.

आता त्या ऊर्जा कायद्याकडे येते. अल्बर्टात नियामक मंडळाचा जन्म पर्यावरणाच्या काळजीतून झालेला नाही, नासाडीच्या लाजेतून झालेला आहे. कॅल्गरीच्या नैर्ऋत्येला टर्नर व्हॅलीत १९१४ मध्ये तेल-वायू सापडला आणि १९२४ नंतर तिथल्या विहिरींतून इतका वायू येऊ लागला की त्यातले हलके इंधन काढून घेऊन बाकीचा वायू सरळ पेटवून दिला जाई. रात्री त्या ज्वाळांचा उजेड कॅल्गरीतून दिसे. ही उधळपट्टी आवरण्यासाठी १९३८ मध्ये संवर्धन मंडळ नेमले गेले, आणि १९४७ च्या फेब्रुवारीत, १३३ कोरड्या विहिरींनंतर, लेड्यूकला मोठा साठा लागला तेव्हा नियम करणारी संस्था आधीपासून हजर होती. पुढे या मंडळाची नावे बदलत गेली, कधी त्याला वीज आणि पाइपलाइनचे दर जोडले गेले, कधी वेगळे केले गेले. २०१२ मध्ये विहिरीचा परवाना ऊर्जा मंडळाकडून आणि पाणी, सरकारी जमीन व प्रदूषण यांचे परवाने पर्यावरण खात्याकडून घ्यावे लागत. कंपन्यांची तक्रार अशी की एकाच प्रकल्पासाठी दोन दारे, दोन वेळापत्रके आणि कधी कधी दोन परस्परविरोधी अटी पाळाव्या लागतात.

ही तक्रार खोटी नव्हती. ऊर्जामंत्री केन ह्यूज यांनी आणलेल्या विधेयक क्रमांक २ ने दोन्ही दारांच्या जागी एकच दार केले, त्याचे नाव अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर. खर्च पूर्णपणे उद्योगाकडून आकार घेऊन भागवायचा, असे ठरले. विरोधकांचा रोख दुसरीकडे होता. जुन्या कायद्यात प्रकल्प ‘जनहिताचा’ आहे का हे तपासण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत होते, ते शब्द नव्या कायद्यातून गेले. आणि पर्यावरण खात्याच्या निर्णयांवर पर्यावरण अपील मंडळाकडे जाण्याची जी वाट होती, ती ऊर्जा प्रकल्पांपुरती बंद झाली. त्या बदल्यात जमीनमालकाला कंपनीशी झालेला करार नियामकाकडे नोंदवून त्याची अंमलबजावणी मागण्याची सोय मिळाली. ही सोय मला खरोखर उपयोगाची वाटते, कारण लँडमनने कॉफी पिताना दिलेली आश्वासने नंतर कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

बाबांना यातली जी गोष्ट सर्वांत जास्त खटकली ती सुनावणीची होती. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगासमोर दरवाढीचा प्रस्ताव आला की कोणताही ग्राहक हरकत नोंदवू शकतो, सुनावणीत उभा राहून बोलू शकतो, आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारखी संस्था आकड्यांची चिरफाड करून वीज मंडळाला घाम फोडू शकते. मंडळाच्या खुर्चीत बसून हे अनुभवलेल्या माणसाला त्याबद्दल फारसे प्रेम नव्हते, हेही सांगायला हवे. अल्बर्टात मात्र विहिरीच्या किंवा प्रकल्पाच्या परवान्यावर सुनावणी मागायची तर त्या प्रकल्पाचा आपल्यावर थेट आणि प्रतिकूल परिणाम होतो हे आधी दाखवावे लागते. जुन्या ऊर्जा मंडळाचीही अट जवळपास अशीच होती, नव्या नियामकाने ती कायम ठेवली. दरनिश्चिती आणि परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्य आहे. तरी बाबा म्हणाले, “म्हणजे नदी खराब होणार असेल तर नदीकाठी राहणाऱ्यानंच बोलायचं, पाणी पिणाऱ्यानं नाही?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

नियामकाच्या अध्यक्षपदी गेरी प्रोट्टी यांची नेमणूक झाली. ते पूर्वी एका बड्या तेल कंपनीत वरिष्ठ अधिकारी होते आणि तेल उत्पादकांच्या संघटनेचे संस्थापक अध्यक्ष होते, त्यामुळे टीका व्हायची ती झाली. १७ जूनला नियामकाचे काम सुरू झाले, आणि तीनच दिवसांनी बो आणि एल्बो या नद्यांना असा पूर आला की कॅल्गरीतून सुमारे एक लाख लोकांना घरे सोडावी लागली आणि शहराचा मध्यभाग अंधारात गेला. आमच्या इमारतीत वीज होती, पण ऑफिस आठवडाभर बंद होते. त्या गडबडीत ऊर्जेचा नवा नियामक आला आहे याची बातमी किती लोकांनी वाचली असेल कोण जाणे. पाणी आणि प्रदूषणाचे परवाने त्याच्याकडे टप्प्याटप्प्याने गेले आणि मार्च २०१४ पर्यंत सर्व हस्तांतर पूर्ण झाले. पंधरा महिन्यांत एवढे मोठे स्थित्यंतर वेळापत्रकानुसार पार पाडणे ही प्रशासनाची कर्तबगारी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. म्हणजे हे सरकार मनात आणले तर वेगाने काम करू शकत होते.

पैशाची कडी मात्र कायद्यांना संमती मिळाल्यावर सहा आठवड्यांतच निखळली. २४ जानेवारी २०१३ च्या संध्याकाळी रेडफर्ड टीव्हीवर आल्या आणि ‘बिट्युमेन बबल’ या शब्दांत त्यांनी सांगितले की अपेक्षेपेक्षा सुमारे ६ अब्ज डॉलर कमी उत्पन्न येणार आहे. कारण समजायला सोपे आहे. ऑइल सँड्समधून, म्हणजे तेलमिश्रित वाळूतून निघणारे बिट्युमेन डांबरासारखे जड असते, त्याला शुद्ध करायला जास्त खर्च येतो, अल्बर्टाला समुद्रकिनारा नाही, आणि पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक जवळपास एकच, अमेरिका. गिऱ्हाईक एकच असले की भाव तो ठरवतो, हे लासलगावला कांदा नेणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या वर्षी खनिजांपासून ११ अब्ज डॉलरहून अधिक मिळतील असा अंदाज होता, हाती आले आठ अब्जांपेक्षा थोडे कमी.

अशा वेळी हेरिटेज फंडाची आठवण यायला हवी. त्यात भरायचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३० टक्क्यांवरून १५ वर आला आणि १९८७ मध्ये भरणाच थांबला. व्याज दरवर्षी खर्चात वळवले गेले. अल्बर्टानंतर वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, नॉर्वेने आपल्या फंडात पहिला हप्ता टाकला आणि आज तो फंड अशा सरकारी फंडांत जगातला सर्वांत मोठा आहे. अल्बर्टाच्या फंडात २०१२ मध्ये १६ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम होती. मधल्या तेजीत सरकारने २००६ च्या जानेवारीत प्रत्येक रहिवाशाला ४०० डॉलरचा धनादेश पाठवला होता, आणि तेव्हाचे प्रीमियर राल्फ क्लाइन यांच्या नावावरून लोक त्याला ‘राल्फ बक्स’ म्हणत. इथे गाड्यांच्या मागे एक जुने स्टिकर दिसायचे, त्याचा आशय असा: देवा, अजून एकदा तेलाची तेजी येऊ दे, या वेळी पैसे उधळणार नाही. प्रांतात विक्रीकर नाही, तेव्हा उत्पन्न कर सरसकट दहा टक्के होता, आणि कोणत्याही पक्षाने कर वाढवण्याचा विषय काढला की तो पुढच्या निवडणुकीत घरी जातो. मग उरते काय, तर भाव पडला की खर्च कापणे.

कात्री लागली ती शिक्षणाला. फेब्रुवारी २०१२ च्या अर्थसंकल्पात विद्यापीठे आणि कॉलेजांना तीन वर्षे दरवर्षी दोन टक्के वाढ देण्याचे वचन होते. मार्च २०१३ च्या अर्थसंकल्पात त्यांच्या अनुदानातून सुमारे १४.७ कोटी डॉलर कापले गेले, म्हणजे जवळपास सात टक्के. कॅल्गरीच्या माउंट रॉयल विद्यापीठाने संगीत आणि नाट्य विभागांतल्या काही अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवले. पन्नास शाळांचे सांगायचे तर रेडफर्ड यांनी मार्च २०१४ मध्ये राजीनामा दिला तोपर्यंत त्यांतली एकही उघडलेली नव्हती.

शिक्षण कायद्याची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे, आणि फक्त पैशाअभावी तो अडकला असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्याची तयारी २००९ पासून चालली होती. गावोगावी बैठका घेऊन पालकांना, उद्योजकांना, शिक्षकांना २०३० सालचा सुशिक्षित माणूस कसा असावा असे विचारले गेले. विधेयक पहिल्यांदा २०११ मध्ये आले आणि तसेच राहिले. दुसऱ्यांदा २०१२ च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा शाळेतली शिकवण मानवाधिकार कायद्याशी सुसंगत असावी या कलमामुळे घरीच मुलांना शिकवणारे पालक विधानभवनाच्या पायऱ्यांवर जमले, आणि निवडणुकीने ते विधेयकही बुडाले. तिसऱ्यांदा, त्या कायद्याचा थेट उल्लेख काढून टाकून, ते विधेयक क्रमांक ३ म्हणून आले आणि मंजूर झाले. सक्तीच्या शिक्षणाचे वय १६ वरून १७ करणे, २१ वर्षांपर्यंत शाळेत परत येण्याची मुभा देणे आणि दादागिरीविरुद्ध प्रत्येक घटकाची जबाबदारी लिहून ठेवणे, ही त्यातली ठळक कलमे होती. आमच्या परिषदेत वयाच्या कलमावर चांगली चर्चा झाल्याचे इतिवृत्तात आहे. तेलक्षेत्रात सोळाव्या वर्षी मिळणारा पगार मुलांना शाळेतून ओढून नेतो, असे एका वडिलांनी सांगितले होते. ते स्वतः त्याच वयात रिगवर गेले होते.

कायदा मंजूर झाल्यावर त्याची नियमावली लिहायची होती. अल्बर्टात सरकारी शाळा आहेत, सरकारी पैशावर चालणाऱ्या कॅथलिक शाळा आहेत, चार्टर शाळा आहेत, खाजगी शाळा आहेत आणि घरी शिकणारी मुले आहेत. यांतल्या प्रत्येकाला नियमावलीतल्या प्रत्येक शब्दावर मत होते. ऊर्जा कायद्याची घाई असलेला पक्षकार एक होता आणि त्याला काय हवे ते नेमके ठाऊक होते. शिक्षण कायद्याचे पक्षकार लाखो होते आणि घाई त्यांतल्या कोणालाच नव्हती, कारण जुन्या कायद्याखाली शाळा सकाळी उघडतच होत्या. नियमावली लिहिता लिहिता २०१५ ची निवडणूक आली, रेचेल नॉटली यांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने (एनडीपी) ४४ वर्षांची सत्ता संपवली, आणि नव्या सरकारने या कायद्याला हात न लावता जुन्याच कायद्यात दुरुस्त्या केल्या. २०१९ मध्ये जेसन केनी प्रीमियर झाले आणि त्यांनी बासनात बांधलेला कायदा काढून लागू केला. पण त्याआधी दुरुस्ती करून सक्तीचे वय पुन्हा १६ केले आणि शाळेत येण्याची वरची मर्यादा २१ ऐवजी १९ ठेवली. ज्या कलमावर आमची सभा अर्धा तास रंगली होती ते कलम एक दिवसही अंमलात आले नाही.

या सात वर्षांत शाळा कशी चालत होती याचे एक दृश्य सांगते. अल्बर्टात शाळांच्या पालक संस्थांना कॅसिनोतल्या उत्पन्नाचा वाटा मिळतो, पण त्यासाठी पालकांना दोन दिवस कॅसिनोत स्वयंसेवक म्हणून काम करावे लागते. कोणी कॅशियर होतो, कोणी टेबलांवर चिप्स पोहोचवतो, आणि कॅसिनो बंद झाल्यावर पेट्यांतले पैसे मोजायला मोजणीच्या खोलीत बसतो. २०१४ च्या हिवाळ्यात मी त्या खोलीत होते. पहाटेचे तीन वाजलेले, बाहेर उणे पंचवीस, डोक्यावर कॅमेरे, टेबलावर पत्त्यांच्या डावात हरलेल्या लोकांच्या नोटांचा ढीग, आणि आम्ही चौघे पालक त्यांच्या थप्प्या लावतोय, कारण शाळेला वाचनालयाची पुस्तके आणि पोर्टेबल वर्गखोलीसाठी प्रोजेक्टर घ्यायचा होता. नाशिकला आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “जुगाराच्या पैशानं सरस्वती? शोभतं का गं?” तिला काय सांगणार! तेलाचा पैसा हाही एक प्रकारचा जुगारच, फक्त त्याच्या टेबलावर आम्हाला कोणी बसू देत नाही.

ऊर्जा कायद्याचा हिशेब पुढे हळूहळू बाहेर आला. बंद पडलेल्या विहिरी बुजवणे आणि जमीन पूर्ववत करणे हे कंपनीचे कर्तव्य, पण कंपनीच दिवाळखोरीत निघाली तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३१ जानेवारी २०१९ च्या रेडवॉटर निकालात न्यायालयाने सांगितले की सफाईची जबाबदारी बँकांच्या कर्जाआधी येते. त्याच्या थोडे आधी नियामकातल्याच एका अधिकाऱ्याच्या सादरीकरणातून सगळ्या सफाईचा खर्च २६० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो असा आकडा बाहेर आला होता, आणि जाहीर अंदाज मात्र ५८ अब्जांचा होता. २०२२ मध्ये कर्ल या ऑइल सँड्स प्रकल्पाच्या टाकाऊ पाण्याच्या तळ्यातून गळती सुरू झाली आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या आदिवासी समाजांना तिचे खरे स्वरूप २०२३ च्या फेब्रुवारीत कळले. बाबांच्या नदीच्या प्रश्नाचा तिथे शब्दशः पडताळा आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने सौर आणि पवनऊर्जेच्या नव्या परवान्यांना सात महिने स्थगिती दिली आणि नंतर नियम केला की प्रकल्प काढून जमीन साफ करण्याची हमी आधी ठेवावी लागेल. नियम चांगला आहे. तो विहिरींना १९३८ पासून लावला असता तर आणखी चांगला ठरला असता.

ऑक्टोबर २०२५ च्या संपात शिक्षकांचे गाऱ्हाणे पगाराइतकेच वर्गांतल्या गर्दीचे होते. सरकारने ‘बॅक टू स्कूल’ कायदा एका रात्रीत मंजूर केला, कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतले हक्क बाजूला ठेवणारे कलम त्यात घातले, आणि शिक्षक दोन दिवसांत कामावर हजर झाले. त्या विधेयकाचा क्रमांकही २ होता. प्रीमियरपदावर आता डॅनिएल स्मिथ आहेत.

रेड डीअरजवळचे ते गृहस्थ अजून शेतावरच राहतात. त्यांच्या शेतातली विहीर २०१६ च्या सुमारास थांबली, नंतर कंपनी बुडाली, आणि विहीर ‘अनाथ’ म्हणून यादीत गेली. दोन-तीन वर्षे भाडे आले नाही, मग बोर्डाकडे अर्ज करून ते सरकारी तिजोरीतून मिळू लागले. बाबा दर फोनला विचारतात, “ती विहीर बुजवली का गं?” गेल्या महिन्यात मैत्रिणीने फोटो पाठवला, खडीच्या चौकोनाभोवती नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या होत्या. मी तो बाबांना पाठवला. त्यांनी मोठा करून पाहिला आणि विचारले, “खुंट्या कंपनीनं ठोकल्या की सरकारनं?” मी म्हटले, अनाथ विहिरींच्या संस्थेने, तिला पैसे उरलेल्या कंपन्या देतात आणि अधूनमधून सरकार कर्ज देते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं. मोजणी तरी झाली.”